चाकणची चपळ गाडी

चाकण म्हटले की मला कांद्याचा बाजार आठवतो. पण २०२३ साली बाजारात आलेली ट्रायम्फ स्पीड ४०० ही मोटारसायकलही चाकणचीच. इंजिन ३९८ सीसी, वजन १८० किलोंच्या आत. काट्यावर म्हणाल तर फार हलकी नव्हे. तिचे हलकेपण कळते ते वळणावर.

आषाढात पुतण्याला मागे बसवून त्याचीच गाडी राजगुरुनगरहून वाड्यामार्गे भीमाशंकरच्या रस्त्याला घातली. एका वळणावर ट्रॅक्टरने खाचरातून आणलेला चिखल पसरलेला! मागचे चाक सरकले, पोटात गोळा आला. रुंद हँडल किंचित वळवले आणि गाडी सावरली. या वयात पडलो असतो तर हाड जुळायला किती महिने लागले असते! (घरी हे सांगितलेले नाही.)

तळेघरला चहा घेतला. पुतण्याने किल्ली मागितली. मी दिली नाही.