एकाच हवेतून दोनदा

ट्यूबलाइटच्या उजेडात केशरी-पांढरी आणि तपकिरी-पांढरी तार आता मला वेगळी ओळखू येत नाही. नेटवर्क वायरींचं क्रिम्पिंग भाचीकडे दिलंय. ती आठही तारा अंगठ्याने सपाट करते, एका कापात सारख्या करते, आणि प्रत्येक टोक कनेक्टरच्या पुढच्या भिंतीला टेकलंय हे बघूनच दाबते. तिचा हात माझ्यापेक्षा साफ आहे. डोंबिवलीतल्या धंदेवाल्यांपुढे हे कबूल करणं मला जड गेलं असतं.

हात मोकळे झाले तसा मी गिऱ्हाइकाच्या स्क्रीनकडे जास्त बघू लागलो. एका तक्रारीने तर माझा कायमचा पिच्छा पुरवलाय: नेट सुसाट आहे, सिनेमे अडत नाहीत, मग घरातल्या घरात फाइल का रांगते?

लग्नाचे फोटो काढणारं एक जोडपं. त्याचा लॅपटॉप बेडरूममध्ये, तिचा एडिटिंगचा पीसी हॉलमध्ये, दोन्ही वायफायवर. एका लग्नाचा ऐवज दोनशे जीबी. पीसीला मागे यूएसबी 3 ची हार्डडिस्क, आणि तिच्या शेजारच्याच खाचेत वायफायचा छोटा डोंगल, फक्त 2.4 गिगाहर्ट्झवाला. कॉपीचा वेग सेकंदाला तीन एमबी. रात्री लावलेलं काम सकाळीही संपायचं नाही.

भाचीने आल्याआल्या नेटवर्कचा वेग मोजणारं आयपर्फ चालवलं. आकडा आला पन्नास मेगाबिट, म्हणजे सहा एमबीच्या आसपास. तिचं निदान तयार: "मामा, नेटवर्क सहा देतंय, कॉपी तीनने होतेय. डिस्क स्लो आहे." तर्क सरळ होता. पण पीसीतल्या पीसीत तीच डिस्क शंभराने पळत होती.

माझं लक्ष माउसच्या बाणाकडे होतं. कॉपी चालू झाली की बाण अडखळायचा, थांबवली की गुळगुळीत. माउसही वायरलेस, त्याचाही डोंगल मागेच. यूएसबी 3 ची केबल डेटा वाहताना 2.4 च्या पट्ट्यात गोंगाट करते. इंटेलने 2012 साली यावर सविस्तर लिहून ठेवलंय. आयपर्फ डिस्कला हातच लावत नाही. ते मोजतं तेव्हा डिस्क निवांत असते, हवा स्वच्छ असते. खरी फाइल आली की डिस्क जागी होते आणि ज्या हवेतून फाइल यायची तीच हवा गढूळ करते. मी भाचीला म्हटलं, डिस्कवर दुसरंच काहीतरी कॉपीला लाव आणि मग आयपर्फ चालव. आकडा निम्म्यावर आला.

त्या क्षणी मला झालेला आनंद माझ्या वयाला शोभणारा नव्हता. नवराबायको मागे उभे होते, भाची गप्प झाली होती, आणि मला ते हवंहवंसं वाटलं. पैशापेक्षा मी याच चेहऱ्यांसाठी जिने चढतो. खाली उतरताना तिने विचारलं, कशावरून कळलं? मी लगेच सांगितलं नाही. थोडे दिवस ते माझ्यापाशीच ठेवलं.

डोंगल अर्ध्या मीटरच्या यूएसबी वायरने बाजूला काढल्यावर सहा मिळाले. उरलेल्या वेगाचं काय? ते लोकांना पटवणं मला आजही जमत नाही. फाइल लॅपटॉपकडून थेट पीसीकडे जात नाही. आधी राउटरकडे जाते, तिथून त्याच चॅनेलवर पीसीकडे. एकाच हवेतून दोनदा. चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं, त्यात शेजाऱ्यांचे राउटरही आलेच, कारण 2.4 मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच. अशा घराला नेट बूस्टर विकणाऱ्यांचा मला राग येतो. तो डबा त्याच चॅनेलवर तीच फाइल आणखी एकदा बोलतो. खोक्यावरचे आकडेही तसेच. बाराशेचा राउटर म्हणजे 300 आणि 867 ची बेरीज; एक लॅपटॉप एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो. त्यातल्या कित्येक स्वस्त राउटरांचे वायरचे पोर्ट तर शंभराचेच असतात.

या जोडप्याचा राउटर बरा निघाला. लॅपटॉप 5 गिगाहर्ट्झवर घेतला आणि पीसीला वायर जोडली, म्हणजे हवेतली एक खेप कमी. भिंतीत बिल्डरची वायर होतीच. कॉपीचा आलेख लगेच वर गेला आणि अकरावर आडवा झाला, फूटपट्टीने आखल्यासारखा. हवेतला वेग असा कधीच दिसत नाही, तो खालीवर होतच राहतो. अकराची सपाट रेघ म्हणजे शंभर मेगाबिटची वायर. सॉकेट उघडलं तर केशरी आणि हिरवी जोडी बसवलेली, निळी आणि तपकिरी कापून मागे दुमडलेली. कंत्राटदाराने अर्ध्या कामात नेट चालू करून दाखवलं होतं, आणि ते चालतंही. गिगाबिटला मात्र चारही जोड्या लागतात. काळ्या टेपखाली दडवलेलं असलं काम मी या भागात इतक्या घरांत बघितलंय की नव्या इमारतीत मी आता सॉकेटच आधी उघडतो.

भाचीने दोन्ही टोकं नव्याने बसवली. मी फक्त टॉर्च धरला. आलेख पंचेचाळिसाच्या आसपास खालीवर होऊ लागला, म्हणजे आता मर्यादा हवेचीच उरली. दोनशे जीबी सव्वा तासात. बाईंनी पुढच्या लग्नाचं मेमरी कार्ड तिथेच रीडरमध्ये घातलं, आणि भाचीने न सांगता डिस्कची केबल माउसच्या डोंगलपासून लांबच्या खाचेत लावली.