बाहेर थांबणारा माणूस

कारखान्यातल्या टाकीत उतरणाऱ्याला शिकवणं त्यामानानं सोपं असतं. त्याच्या पोटात भीती असते, म्हणून तो ऐकतो. मॅनहोलपाशी बाहेर जो थांबतो, त्याला शिकवताना मात्र माझी सगळी हुशारी अपुरी पडत आली आहे. आतला माणूस कोसळला तर बाहेरच्यानं ओरडायचं, विंच फिरवायची, मदत बोलवायची. आणि काहीही झालं तरी आत जायचं नाही.

डिस्टिलरीतल्या फर्मेंटरच्या तळाशी साचलेल्या कार्बन डायऑक्साइडला वास नसतो. सांडपाणी प्रक्रियेच्या (ईटीपी) टाकीतल्या हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्यांचा वास येतो, पण प्रमाण 100 पीपीएमच्या आसपास गेलं की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेनं 1986 मध्येच इशारा दिला होता, की बंदिस्त जागेत मरणाऱ्यांपैकी 60 टक्क्यांहून अधिक जण दुसऱ्याला वाचवायला गेलेले असतात. हा आकडा मी फळ्यावर लिहायचो आणि काही न बोलता उभा राहायचो. वर्ग चिडीचूप व्हायचा. ती शांतता मला फार आवडायची, आणि ती माझ्यामुळे पडते असं मी मनोमन धरून चाललो होतो.

कोरोनात वर्ग पडद्यावर गेला. आमच्या वारणानगरला संगणकाचं अप्रूप नव्हतं. 1998 च्या वायर्ड व्हिलेज प्रकल्पात आसपासच्या सत्तर गावांपर्यंत तो पोचला होता. शिरोली, कागल, इस्लामपूरची पोरं घरून वर्गाला बसू लागली. रात्रपाळीवाला दुपारी उठून धडा बघायचा, अडलं तिथं मागं नेऊन पुन्हा ऐकायचा. कायदा, टाकीत उतरण्याच्या परमिटचा फॉर्म, ऑक्सिजनची 19.5 टक्क्यांची खालची मर्यादा, हे सगळं माझ्या फळ्यापेक्षा पडद्यावर चांगलं शिकवून होतं, हे मी मोकळेपणानं सांगतो. परीक्षेत प्रश्न असायचा : सहकारी आत बेशुद्ध पडला तर काय कराल? उत्तर सगळ्यांचं बरोबर. आणि तीच माणसं टाकीच्या तोंडाशी सरावाला उभी केली की पहिल्या हाकेला खांद्यापर्यंत आत वाकलेली.

साखर कारखान्यांच्या ऑफ सीझनला टाक्यांच्या साफसफाईची टोळी येते ती बहुतेक एका गावची, पुष्कळदा एका भावकीची. त्यातल्या एकानं मला विचारलं होतं, ‘‘सर, आत जायचं न्हाई हे ठावं हाय. पर आत माझा मेव्हणा असला तर पाय ऐकत्यात व्हय?’’ या प्रश्नाला कुठल्याही स्लाइडवर उत्तर नाही. मुंबई-दिल्लीच्या एजन्सींनी विकायला आणलेल्या चित्रफितींत दोन कामगार असतात, दोघांची हेल्मेट चकाचक, आणि दोघं एकमेकांचे कुणीच लागत नाहीत. अशा एजन्सींची गिऱ्हाइकं आता वाढणार आहेत. 1948 च्या कारखाने कायद्यात हजार कामगारांना सेफ्टी ऑफिसर लागायचा. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनं ती मर्यादा पाचशेवर आणली, धोकादायक प्रक्रियेसाठी अडीचशेवर. म्हणजे माणसं जास्त लागणार, आणि बटणं दाबून एका दिवसात सर्टिफिकेट देणारी दुकानं वाढणार. मला त्यांचा राग येतो. ज्यानं टाकीच्या तोंडाशी एकदाही घाम गाळलेला नाही, त्याच्या हातात परमिटची सही जाते.

गुडघ्यांनी शिडी नाकारली तेव्हा प्रात्यक्षिकं मी माझ्या एका विद्यार्थिनीकडे सोपवली. तिनं क्रमच उलटा केला. आधी टाकी, मग मोबाइल. भंगारात काढलेली, दोन्ही बाजूंनी कापून मोकळी केलेली एक जुनी टाकी तिनं मिळवली. टोळीतलाच एक जण आत निपचित पडायचा, त्याचा सख्खा किंवा चुलत भाऊ बाहेर उभा, आणि ती लांबून चित्रण करायची. संध्याकाळी ज्याचं त्याचं चित्रण ज्याच्या त्याच्या फोनवर. स्वतःचा हात विंच सोडून मॅनहोलच्या काठाला गेलेला माणसानं घरी, बायकोपोरांसमोर पाहिला. दुसऱ्या दिवशी बरेच जण जागचे हलले नाहीत. पडद्याचा हा उपयोग मला सुचला नाही, तिला सुचला, आणि ते मला लागलं. तिचं कौतुक करायला मी काही दिवस घेतले.

तरी गाठ सुटलेली नाही. सराव आहे हे ठाऊक असलं की पाय थांबतात. खरं घडेल तेव्हा थांबतील का? तिचं म्हणणं, बाहेरच्यालाही हार्नेस घाला आणि आखूड दोरानं बांधा. हात विंचपर्यंत पोचावेत, डोकं मॅनहोलपर्यंत पोचू नये. मी कडाडून विरोध केला. माणूस बांधावा लागणं म्हणजे त्याला शिकवता आलं नाही याची कबुली, असं मला वाटतं, अजूनही वाटतं. ती म्हणाली, ‘‘सर, तुम्हाला तो शिकलेला हवाय. मला तो संध्याकाळी घरी गेलेला हवाय.’’ यंदाच्या ऑफ सीझनच्या परमिटमध्ये तिनं दोराची ओळ घातली आहे. मी ती खोडली नाही. सरावाचे तास मात्र कमी करू दिले नाहीत, आणि त्यावरून आमचं अजून वाजतं.