जुन्या गाडीचे जतन आणि अपरिग्रह

सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यात जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ला येथील कारखान्यातून बाहेर पडलेली फियाट पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने घरोघरी पोहोचली. तिचे उत्पादन थांबून वीस वर्षांहून अधिक काळ लोटला; तरीही काही हौशी मालक ती निष्ठेने चालती ठेवतात.

हे काम सोपे नाही. कार्बोरेटर साफ करावा लागतो, प्लग व पॉइंट यांमधील अंतर जुळवावे लागते, ब्रेकची रबरे वेळेवर बदलावी लागतात. दारांच्या तळाशी पाणी साचून पत्रा गंजू नये, म्हणून तेथील छिद्रे पावसाळ्यापूर्वी मोकळी करावी लागतात. गाडी नुसती झाकून ठेवली, तरीही ती बिघडते.

असलेली वस्तू दुरुस्त करून वापरण्यात संयम आहे. परंतु दुर्मीळ सुट्या भागांनी कपाटे भरू लागली, एका ओरखड्यापायी घरातल्यांवर संताप होऊ लागला, की श्रावकाने सावध व्हावे. वस्तूवरील मूर्च्छा हाच परिग्रह, अशी आपल्या शास्त्राची शिकवण आहे.

या जतनाची खरी परीक्षा ऑइल बदलताना होते. काढलेले काळे ऑइल गटारात ओतल्यास पाण्यातील असंख्य जीवांचा घात होतो. ते डब्यात साठवून पुनर्प्रक्रियेसाठी देणारा मालक गाडीबरोबर जीवदयाही सांभाळतो.