मामंजींची सही

तूर घरची आणि डाळ दुकानची, हा प्रकार मी लग्न होऊन आल्यापासून पाहत होते. खळ्यावरची तूर पोत्यांनी बाजार समितीत जायची आणि वर्षभराची डाळ किलोकिलोने, पुष्कळदा उधारीवर, घरात यायची. जात्यावर भरडायची ती सणापुरती. मनात खूपदा येई, ही डाळ आपणच का करू नये? पण मन आणि पैसा यांची गाठ लवकर पडत नाही.

२०२१ च्या दिवाळीआधी आमच्या ग्रामपंचायतीत कृषी सहायकांनी सभा घेतली. प्रधानमंत्री सूक्ष्म खाद्य उद्योग योजना २०२० साली सुरू झाली होती, तिची माहिती त्यांनी दिली. खर्चाच्या पस्तीस टक्के अनुदान, जास्तीत जास्त दहा लाख. निदान दहा टक्के आपण घालायचे, बाकी बँकेचे कर्ज. घरी येताना यांच्या तोंडी एकच शब्द, पस्तीस टक्के! कर्ज हा शब्द वाटेतच कुठे तरी गळून पडला.

आम्ही अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने तयार केलेली मिनी दालमिल पाहून आलो. यंत्र, मोटर, वजनकाटा आणि पत्र्याची शेड मिळून चार लाखांचा हिशोब झाला. म्हणजे आमचे चाळीस हजार, बँकेचे तीन लाख साठ हजार, आणि अनुदान एक लाख चाळीस हजार. तूर विकत घ्यायला लागणारे खेळते भांडवल वेगळेच, त्यावर अनुदान नाही. हे बऱ्याच जणांना यंत्र येऊन उभे राहिल्यावर कळते.

तेवढ्यात तालुक्याचा एक गृहस्थ घरी आला. “वहिनी, वीस हजार द्या, फाइल माझ्यावर सोडा. बिल थोडे फुगवू, म्हणजे तुमचे चाळीस हजारही घालायला नकोत.” हे तर तयारच झाले होते. मी विचारले, “फुगवलेल्या बिलाचे कर्ज कोण फेडणार?” तो नुसता हसला. दुसऱ्या दिवशी मी तालुका कृषी कार्यालयात गेले. तिथे कळले, प्रकल्प अहवाल करून द्यायला जिल्ह्यात माणसे नेमलेली आहेत, त्यांचे मानधन सरकारच देते. उद्यम नोंदणीलाही पैसे लागत नाहीत. बायांनो, मध्यस्थाला हात जोडण्याआधी एकदा तरी कचेरीची पायरी चढा. मला पाच खेटे पडले, बसभाडे आणि चहा मिळून सहाशे रुपये गेले. वीस हजार नाही गेले.

बँकेत मात्र अडले. हे पूर्वी एकाच्या ट्रॅक्टर कर्जाला जामीन राहिले होते, ते कर्ज थकलेले निघाले. एका घरातून एकालाच लाभ, तेव्हा अर्ज माझ्या नावाने करायचे ठरले. पण शेडची जागा आठ-अ वर मामंजींच्या नावे. त्यांचे संमतिपत्र हवे. कागद पुढे ठेवला तसे ते उठून गोठ्यात गेले.

मग सासूबाईंनी मला म्हशीची गोष्ट सांगितली. १९८४ साली मामंजींनी एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमातून म्हैस घेतली होती. तीन हजारांची म्हैस, त्यातला तिसरा हिस्सा सरकारचा, बाकी कर्ज. दोन वर्षांनी म्हैस मेली. विमा होता, पण विमेवाल्यांना म्हशीच्या कानातला बिल्ला हवा होता, आणि तो बाभळीच्या कुपाटीत कधी तुटून पडला ते कोणालाच ठाऊक नव्हते. विमा मिळाला नाही. बँकेची नोटीस आली तेव्हा जोडीतला एक बैल विकून मामंजींनी कर्ज फेडले. त्या साली पेरणी दुसऱ्याच्या बैलावर झाली. तेव्हापासून कर्जाच्या कागदाला त्यांनी हात लावला नव्हता.

मी त्यांना काही समजावले नाही. आठ दिवस रोज जेवणानंतर वही घेऊन त्यांच्याजवळ हिशोब मांडत बसले. पाच वर्षांची फेड, महिना साडेसात हजारांच्या वर हप्ता. अनुदान कर्जखात्याशी जोडून तीन वर्षे बाजूला राहणार. खाते थकले नाही आणि उद्योग चालू असला तरच ते कर्जात वळते होणार. म्हणून ते मी हिशोबात धरलेच नाही. आणि तुरीला आधी रोलरवर ओरखडा, मग तेलाचा हात, मग उन्हात वाळवण. पावसाळ्यात ऊन नाही म्हणजे काम नाही, हप्ता मात्र आहे. तेव्हा उन्हाळ्यातच चार महिन्यांचे हप्ते बाजूला टाकायचे.

नवव्या दिवशी मामंजी म्हणाले, “सूनबाई, यंत्र बंद पडले तर दुरुस्त करणारा किती कोसावर?”

मला उत्तर देता आले नाही. एवढ्या कागदांत हा प्रश्न कुठेच नव्हता! दोघे एसटीने तालुक्याला गेलो, मिस्त्री शोधला, रोलर बदलायला काय पडते ते विचारले, आणि तो खर्च वहीत लिहिला. त्या संध्याकाळी त्यांनी सही केली. माझ्या पाटल्या गहाण पडल्या, त्यातून आमचे चाळीस हजार उभे राहिले.

२०२२ च्या मार्चमध्ये यंत्र फिरले. पहिला हंगाम वाईट गेला. तूर ओली घेतली, डाळीचा चुरा फार झाला. दोन हप्ते पाटल्यांवर आणखी पैसे उचलून भरले, ते यांना पुढच्या वर्षी सांगितले. दुसऱ्या वर्षापासून गावच्या बाया आपापली तूर भरडून न्यायला आणू लागल्या. त्यात तूर विकत घ्यायला नको, नुसती मजुरी. खरे तर त्यानेच आम्हाला तारले. चुणी म्हशींना जाते.

२०२५ साली अनुदान कर्जात वळते झाले. मी पासबुक मामंजींना वाचून दाखवले. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावले, चष्मा काढून पुसला, आणि विचारले, “मग माझ्या सहीचा तो कागद बँकेतून परत कधी आणतेस?”