दोघांची गाडी

मालवणात मोटार बाळगणे म्हणजे बांगडा खारवणे. तरीही गोव्यात बनलेली, 1998 साली बाजारात आलेली दोन सीटांची 'सॅन स्टॉर्म' मी जुनीपुराणी उचलून अंगणात आणली. "अंग फायबरचं, गंजायची भीती नाही," असे हिला ठणकावले. खालची चासी मात्र लोखंडाची निघाली! तडकलेले बॉनेट होड्यांचे फायबर सांधणाऱ्या शेजाऱ्याने जोडले आणि विचारले, "भाऊ, होडी झाली. आता वल्ही खंय बांधूची?"

चार पावसाळे मी गाडीखाली काढले. शेवटी इंजिन धडधडले. मी ऐटीत म्हटले, "चल, तारकर्लीला!"

ही म्हणाली, "चार वर्षांपूर्वी विचारलं असतंत, तर रिक्षानंसुद्धा आले असते."

पण पदर खोचून बसली मात्र.