माझं डोकं, माझी मर्जी

हेल्मेटबद्दल मत नसलेला पुणेकर मला अजून भेटलेला नाही. ज्यांच्याकडे गाडीच नाही, त्यांचंही असतं. जीएसटी किंवा परराष्ट्र धोरणावर माणूस एकवेळ ‘बघू, काय होतंय’ म्हणेल. हेल्मेटचा विषय निघाला की चहा गार होतो. १९८८च्या मोटार वाहन कायद्यातलं १२९वं कलम साधं आहे. दुचाकीवर बसणाऱ्याने, पुढच्याने आणि मागच्यानेही, हेल्मेट घालायचं. पगडी बांधणाऱ्या शिखांना सूट. एवढं स्वच्छ लिहिलेलं असून दर काही वर्षांनी आमच्याकडे ‘हेल्मेटसक्ती’ येते, जणू परवाच कोणीतरी नवा फतवा काढलाय. २०१९च्या १ जानेवारीपासून पोलिसांनी कारवाई कडक केली आणि त्याच आठवड्यात विरोधाचा मोर्चा निघाला. विरोध सर्वपक्षीय होता. कचरा, पाणी, पीएमपी यांवर एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष डोकं उघडं ठेवण्याच्या हक्कासाठी एकत्र आले, याचं मला तेव्हाही कौतुक वाटलं होतं.

विरोधाची कारणं तोंडपाठ आहेत. मान दुखते. केस गळतात. घाम येतो. मागचा हॉर्न ऐकू येत नाही. (हॉर्न ऐकून बाजूला होणारा पुणेकर कोणी पाहिला असेल तर मला कळवावं.) उतरल्यावर ते ठेवायचं कुठे, हा त्यातल्या त्यात खरा प्रश्न, मंडईत एका हातात हेल्मेट आणि दुसऱ्या हातात मेथीची जुडी घेऊन वांगी निवडता येत नाहीत, हे मान्य. पण ज्या शहरातल्या मुली भर मे महिन्यात डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फने घट्ट गुंडाळून, वर गॉगल लावून, हातात कोपरापर्यंतचे मोजे घालून टिळक रस्त्यावरून जातात, त्या शहराने उकाड्याचं कारण देऊ नये. धुळीपासून रंग वाचवायला सगळं सोसतं. कवटीचा प्रश्न आला की गुदमरायला होतं.

सगळ्यांत आवडतं कारण वेगाचं. ‘पेठांत गाडी तीसच्या वर जाते का? हेल्मेट हायवेला ठीक आहे.’ हे शास्त्रशुद्ध वाटतं म्हणून फार चालतं. गंमत अशी, की डोक्याला गाडीच्या वेगाशी तितकंसं घेणंदेणं नसतं. स्कूटरवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतं. त्या उंचीवरून सुटलेली कुठलीही वस्तू जमिनीवर आपटते ती ताशी जवळजवळ २० किलोमीटरच्या वेगाने. गाडी सिग्नलला उभी असली तरी. डांबर हा हिशेब करताना पेठ कुठली ते विचारत नाही. उघडं डोकं काही मिलिमीटरांत थांबतं आणि त्या थांबण्याचा सगळा मार आतल्या मेंदूला बसतो. हेल्मेटच्या आत जो पांढरा थर असतो, आपण ज्याला थर्माकोल म्हणतो तोच, तो चेपत जाऊन डोक्याला थांबायला दोन-तीन सेंटिमीटर जास्त देतो. बस, एवढंच त्याचं काम. तेवढ्या अंतरावर माणूस घरी येतो की नाही ते ठरतं. तो थर एकदा चेपला की परत फुगत नाही, म्हणून मोठा आपटा खाल्लेलं हेल्मेट बाहेरून कितीही चकचकीत दिसलं तरी टाकून द्यायचं असतं. आपण ते धाकट्या भावाला देतो.

अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्र आढावा २००८ साली कॉक्रेन या संशोधन-आढावे घेणाऱ्या संस्थेने प्रसिद्ध केला. हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असं त्यात निघालं. म्हणजे हेल्मेट घालून माणूस मरतच नाही असं नव्हे, आणि विरोधकांना नेमका तोच एक भाचा किंवा मित्र आठवतो, जो हेल्मेट असूनही गेला.

फूटपाथवरच्या हेल्मेटवाल्याकडे थोडा वेळ उभं राहिलं तर या वादातलं खरं काय ते दिसतं. बांबूच्या चौकटीवर शेकडो रंगीत गोळे टांगलेले. गिऱ्हाईक गाडी बंदही करत नाही, एक पाय टेकवून विचारतं, ‘साधं दाखव, पोलिसापुरतं.’ विक्रेत्याला समजतं. तो अर्धी टोपी काढतो, कानाच्या वर संपणारी, आत पातळ स्पंज, पट्ट्याला नाडीच्या लायकीचं बक्कल आणि मागे आयएसआयचं स्टिकर, जे नखाने निघतं. २०२१च्या जूनपासून बीआयएसचा शिक्का नसलेलं दुचाकीचं हेल्मेट विकणं बेकायदा आहे. ते दोघांच्याही गावी नसतं. घासाघीस होते, टोपी डोक्यावर न घालताच आरशाला अडकते आणि गाडी निघते. हाच माणूस नवा फोन घेतो तेव्हा दुकानाची पायरी उतरायच्या आधी त्याला टेम्पर्ड ग्लास आणि कव्हर चढवून घेतो, कारण फोन पडू शकतो हे त्याला पक्कं ठाऊक आहे. पुढे तोच फोन हेल्मेट आणि गालाच्या मधे कोंबून, मान तिरकी करून, कर्वे रस्त्यावर घरच्यांशी बोलत जातो. या एका कारणासाठी हेल्मेट आवडीने घालणारे मी पाहिलेत.

आता तत्त्वाचं बोलू. ‘डोकं माझं आहे, फुटलं तर माझं फुटेल, सरकारला काय?’ हे मला थट्टेवारी न्यावंसं वाटत नाही, कारण त्यात एक खरा प्रश्न आहे. सरकारने माणसाला त्याच्या स्वतःपासून वाचवावं का? ब्रिटनमध्ये १९७३ साली हेल्मेट सक्तीचं झालं तेव्हा तिथेही हाच प्रश्न उठला. विशेष म्हणजे हेल्मेटच्या शास्त्राचा उगमही तिथलाच. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून जग ज्याला ओळखतं तो टी. ई. लॉरेन्स १९३५ साली मोटारसायकलवरून पडला आणि काही दिवसांनी डोक्याच्या दुखापतीने गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूशल्यविशारद होते. त्यांनी पुढे लष्करी मोटारसायकलस्वारांच्या अपघातांचा अभ्यास केला, १९४१ साली तो छापला, आणि ब्रिटिश सैन्यात निरोप पोचवणाऱ्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं झालं. त्याच देशात नंतर फ्रेड हिल नावाचा एक म्हातारा हेल्मेट नाकारून साध्या बेरे टोपीवर गाडी चालवत राहिला. दंड झाला की भरायचा नाही, आणि भरला नाही म्हणून तुरुंगात जायचं, असं पुन्हा पुन्हा. १९८४ साली तो पेंटनव्हिल तुरुंगात कैदेत असतानाच वारला.

मला हिलचं म्हणणं पटत नाही. पण माणूस पटतो. त्याने मत मांडलं आणि त्याची किंमत स्वतःच्या खिशातून दिली, शेवटच्या दमडीपर्यंत. आमचा बंडखोर काय करतो? चौकाच्या अलीकडे समोरून येणारा कोणीतरी ‘पुढं मामा उभाय’ म्हणून हातवारे करतो, मग कोपराला अडकवलेलं हेल्मेट डोक्यावर जातं आणि चौक ओलांडला की परत कोपरात येतं. कॅमेऱ्याने टिपलं तर मोबाइलवर ई-चलन येतं. ते तो भरत नाही. तत्त्वासाठी नव्हे, लोकअदालतीत तडजोड होऊन रक्कम कमी होते म्हणून. स्वातंत्र्याची लढाई सवलतीच्या दरात.

‘माझं फुटेल’ हे वाक्य तपासायला हवं. १९७२ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या एका मोटारसायकलस्वाराने हाच मुद्दा कोर्टात नेला. कोर्टाने त्याला जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा: तू पडलास की त्या क्षणापासून रस्त्यावरून तुला उचलणारा समाज, दवाखान्यात नेणारा समाज, डॉक्टर पुरवणारा समाज, पुढे कायमचा अधू झालास तर तुला आणि तुझ्या घराला पोसण्याचा भारही त्याच्यावर, मग यात फक्त तू एकटाच आहेस हे कसं मानायचं? आपल्याकडे २०२५च्या मे महिन्यात केंद्राने रस्ते अपघातातल्या जखमींसाठी कॅशलेस उपचारांची योजना लागू केली, पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंत. त्यात हेल्मेट होतं का, असं विचारून कोणाला परत पाठवत नाहीत. पाठवूही नये. पण मग ते पैसे कोणाचे, हे स्पष्टवक्त्यांनी एकदा स्पष्ट बोलावं.

पैशाचं तरी भागतं. आमच्या नात्यातला एकजण घरापासून पाच मिनिटांवर दूध आणायला गेला आणि रिक्षाला चुकवताना पडला. वाचला. डॉक्टरांनी ‘नशीबवान’ म्हटलं. आज तो जेवतो, चालतो, टीव्हीसमोर बसतो; दुपारी चारला विचारतो, जेवण झालं का आपलं? बायकोने बँकेतली नोकरी सोडली. तिला कोणी विचारलं नव्हतं की या मर्जीत तुझा वाटा किती. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली ५०,०२९ हेल्मेट न घातलेली. आणि या पन्नास हजारांत १४,३३७ जण मागे बसलेले होते. मागे कोण बसतं ते कुठल्याही सिग्नलला उभं राहून बघावं. साडीचा पदर आवरत एका बाजूने बसलेली बाई, मांडीवर पिशवी, हात नवऱ्याच्या खांद्यावर. कधीकधी नवऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट असतं. तिच्या नसतं, कारण चलन नवऱ्याच्या नावावर येतं आणि पूर्वी मागच्या सीटकडे कोणी बघत नसे.

विरोधकांचं एक म्हणणं मात्र मी शंभर टक्के मान्य करतो. रस्त्याची लाज वाटावी अशी अवस्था असताना सरकारला आधी आमचं डोकंच का दिसतं? ड्रेनेजची झाकणं रस्त्यापेक्षा चार बोटं खाली, रंग उडालेले स्पीडब्रेकर रात्री दिसत नाहीत, पाइप टाकायला खणलेला चर माती लोटून बुजवलेला. याबद्दल कोणा अभियंत्याला चलन गेल्याचं मी ऐकलेलं नाही. वळणाच्या पलीकडे झाडाआड उभं राहून गाड्या अडवणं सोपं, कारण तिथे गुन्हेगार स्वतःच चालून येतो. ठेकेदाराला शोधायला फायली उघडाव्या लागतात. नागरिकाच्या जबाबदारीवर व्याख्यान देण्याचा अधिकार सरकारने आपली पार पाडून मिळवायचा असतो, आणि तो अजून मिळवलेला नाही. फक्त यावरून ‘म्हणून मी घालणार नाही’ हे कसं निघतं, ते मला उमगत नाही. खड्डे असतील तर उलट दोन घालावीत.

मुलांचं तर बोलायलाच नको. चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर नेताना त्याच्या मापाचं हेल्मेट, चालकाला बांधून ठेवणारा पट्टा आणि ताशी ४०च्या आत वेग, असा नियम २०२२ साली निघाला आणि वर्षभराने लागू झाला. सकाळी शाळेच्या वेळेला कुठल्याही बालवाडीबाहेर उभं राहावं. पोरगं पुढे पायाजवळ उभं, हँडलच्या मधोमध हनुवटी टेकवून, पाठीला पाण्याची बाटली. बापाचं ‘माझी मर्जी’ त्या पोराने कधी म्हटलेलं नसतं.

माझं स्वतःचं मत विचाराल तर सक्ती हवी, मागच्या सीटवरही हवी, आणि नेत्यांनी निवडणूक जवळ आली की पोलिसांना ‘जरा सबुरीने घ्या’ म्हणणं बंद करावं. हे म्हणताच मला हुकूमशाहीचा पाठीराखा ठरवणारे मित्र आहेत. त्यांच्यातलाच एक चाकणला कारखान्यात आहे. तिथे हेल्मेटशिवाय दुचाकी गेटच्या आत घेत नाहीत, मग साहेब असो की कामगार. भोसरीपासून हिंजवडीपर्यंत अशी गेटं कमी नाहीत. हा गृहस्थ सरकारी सक्तीवर तासभर बोलू शकतो, जॉन स्टुअर्ट मिलपर्यंत जातो. पण गेली कित्येक वर्षं रोज सकाळी सिक्युरिटीवाल्या पोरासमोर पट्टा हनुवटीखाली नीट लावून, ओळखपत्र दाखवून आत जातो. मान दुखत नाही, केस गळत नाहीत. एकदा मी विचारलं, ‘तिथे का नाही भांडत?’ तो म्हणाला, ‘अरे, ती कंपनी आहे.’ त्या गेटवर मोर्चा गेल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.