चेन का उसळते?

वसतिगृहातील मुले सायकल घेऊन येतात आणि म्हणतात, ‘सर, चढावर चेन उसळते, नवी घालू.’ मी आधी पट्टी आणायला सांगतो. पिनेपासून पिनेपर्यंत मोजल्यास नव्या चेनच्या २४ कड्या नेमक्या १२ इंच भरतात. एक अष्टमांश इंच वाढ दिसली, तर बहुधा फ्रीव्हीलचे दातेही झिजलेले असतात. मग एकटी नवी चेनही उसळते आणि पालकांची एका दिवसाची मजुरी वाया जाते. दोन्ही बदलावी लागतात.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरात दिलेला धम्म कारण शोधायला शिकवतो. आपल्या वस्त्यांत अपयशाला अजूनही ‘नशीब’ म्हटले जाते. या मुलांनी तिथेही आधी पट्टी लावावी, एवढीच अपेक्षा.